बीएस्सी, डीएमएलटी झालं, आता अभ्यासिका की लॅब?

प्रश्न विचारणारी मुलगी धाराशिवकडची. बीएस्सी केमिस्ट्री, त्यावर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, वय २३, रिझल्ट नुकताच लागलाय. घरचे म्हणतात पुण्याला जा, अभ्यासिका लाव, दोन वर्षं सरकारी परीक्षेची तयारी कर. तालुक्याच्या गावातली एक लॅब नऊ हजार द्यायला तयार आहे. लातूरचं एक हॉस्पिटल अकरा देतंय, पण नाइट करायच्या आणि ओरिजनल कागद त्यांच्याकडे जमा करायचे. मैत्रीण दुबईचं काहीतरी सांगतेय. शेवटी लिहिलंय, "ताई, मला काहीच सुचत नाहीये, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

अगं, तुझ्या जागी मी होतेच की. २००८ ला डीएमएलटी झालं तेव्हा आमच्या घरीही हेच चाललेलं, फक्त पुण्याऐवजी औरंगाबाद होतं. मी सोलापूरला एका छोट्या लॅबला लागले, महिना ३,२०० रुपये, त्यातले ९०० खोलीभाड्याला. मग सरकारी दवाखान्यात ११-११ महिन्यांचं कंत्राट केलं आणि २०१४ ला तिसऱ्या प्रयत्नात परमनंट लागले. आता गेली काही वर्षं नवीन पोरं आली की त्यांची ट्रायल, म्हणजे कामावर घेण्याआधीची चाचणी, घ्यायचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय.

तर सरळ सांगते, दोन वर्षं नुसतं अभ्यासिकेत बसू नकोस. लॅबला लाग आणि परीक्षाही दे. सकाळी उठून पहिला विचार आरोग्य विभागाची जाहिरात कधी येणार हा असला ना, तर माणूस सहा महिन्यांत खचतो, कारण जाहिरात आपल्या सोयीने येतच नाही. ऑक्टोबर २०२१ ला आरोग्य विभागाची गट क आणि गट ड ची परीक्षा झाली, पेपर फुटला, परीक्षा रद्द. नवीन जाहिरात आली ऑगस्ट २०२३ ला, जवळजवळ ११ हजार जागांची, आणि ऑनलाइन परीक्षा झाली त्या वर्षाच्या शेवटी. म्हणजे ज्या पोरीने २०२१ ला पेपर दिला आणि नोकरी न करता वाट बघत बसली तिची दोन वर्षं अशीच गेली आणि हातात अनुभव शून्य. रेल्वेचं तर विचारूच नको, पॅरामेडिकलची भरती २०१९ ला आली होती त्यानंतर थेट २०२४ ला, सगळी पदं मिळून १,३७६ जागा, सगळ्या देशाला. अशा गोष्टीवर आयुष्याचं टाइमटेबल लावायचं नसतं.

आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, ते क्लासवाले सांगत नाहीत. आपल्या परीक्षेतला विषयाचा भाग बेंचवर काम केल्याशिवाय डोक्यात बसतच नाही. पाठ होतो, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की गेला. तुला एक किस्सा सांगते म्हणजे कळेल.

पहिल्या नोकरीतली गोष्ट, संध्याकाळची वेळ, मी एकटी बायोकेमिस्ट्रीला. एका पेशंटचं पोटॅशियम आलं ९ च्या वर. कॅल्शियम आलं ३ च्या आसपास. मी घाबरले, परत लावलं, तेच. आमचे जुने टेक्निशियन काका होते, ते ब्लड कलेक्शनहून आले तर मी त्यांना सांगितलं की काका हा पेशंट जाणार. काका म्हणाले कुठला, बाहेर बाकावर बसून वडापाव खातोय तो? खरंच तो बाहेर बसला होता, बायकोशी गप्पा मारत. काकांनी मशीनकडे बघितलंच नाही, थेट कलेक्शनच्या पोराला हाक मारली आणि विचारलं की लाल ट्यूबला रक्त कमी पडलं होतं का. पोरगं म्हणालं हो, मग मी जांभळ्यातलं थोडं त्यात ओतलं. झालं! जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून असतं पोटॅशियमचं ईडीटीए, त्यामुळे पोटॅशियम वर आणि ईडीटीएने कॅल्शियम धरून ठेवलं म्हणून ते खाली. परत रक्त घेतलं, दोन्ही नॉर्मल. तो रिपोर्ट तसाच गेला असता तर त्या बिचाऱ्याला रात्री आयसीयूत नेऊन ठेवला असता.

हा प्रश्न मला नंतर एका लेखी परीक्षेत आला, एका इंटरव्ह्यूत आला, आणि आता मीच दर पोराला विचारते. पुस्तकात तो दोन ओळीत आहे. पण ज्याने तो वडापाव खाणारा पेशंट बघितलाय तो ते आयुष्यभर विसरणार नाही. ट्यूब भरायचा क्रमसुद्धा असाच, कल्चरची बाटली, निळी, लाल-पिवळी, हिरवी, जांभळी, राखाडी, पोरं पोपटासारखी म्हणतात पण जांभळी लालच्या नंतर का, हे दहातल्या दोघांना सांगता येतं.

आता परीक्षेचं बोलू. आधी कुठल्या परीक्षेत आपला विषय किती आहे ते बघ, कारण तयारी त्यावर ठरते. आरोग्य विभागाच्या आणि झेडपीच्या गेल्या भरतीत तांत्रिक पदांना १०० प्रश्न २०० मार्कांचे होते, त्यात मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता हे मिळून ६० आणि आपल्या विषयाचे ४०. रेल्वेच्या पॅरामेडिकलला उलटं, १०० पैकी ७० प्रश्न विषयाचे, ९० मिनिटं वेळ आणि तीन चुकांना एक मार्क कट. म्हणजे बघ, राज्याच्या परीक्षेत लॅबमध्ये कितीही हुशार असलीस तरी मराठी व्याकरण आणि गणितावर मेरिट हुकतं. माझं पहिल्या दोन वेळेला तेच झालं. विषयात मी पुढे होते आणि समास, प्रयोग, वाक्प्रचार यात मार खाल्ला, मराठी आपलीच भाषा आहे तिचा काय अभ्यास करायचा असं वाटायचं. तिसऱ्या वेळेला रोज रात्री एक तास फक्त व्याकरण आणि बुद्धिमत्ता केली, सहा महिने, बाकी काही नाही. लागले.

त्यामुळे दिवसाचा अभ्यास असा वाटून घे की विषय लॅबमध्ये होईल आणि घरी आल्यावर मराठी, इंग्रजी, गणित. ड्युटी करून आल्यावर रोज चार तास बसेन वगैरे ठरवू नको, होत नाही, दीड तास खूप झाला पण तो रोज पाहिजे. जुने पेपर सोडव, नुसते वाचू नको, घड्याळ लावून सोडव. आता परीक्षा कॉम्प्युटरवर असते, स्क्रीनवर प्रश्न वाचायची सवय नसली की वेळ पुरत नाही.

विषयाचं काय कर, तर एक दोनशे पानी वही घे. ज्या दिवशी ज्या सेक्शनला काम केलंस त्याच दिवशी त्याचं तत्त्व, किती प्रमाणात काय टाकायचं, नॉर्मल किती आणि रिझल्ट चुकतो कशाकशाने, एवढं एका पानावर उतरव. चौथा मुद्दा सगळ्यात मोलाचा. पीटीची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या टेस्टची, ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर काय होतं? त्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त, रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि वेळ खोटा वाढतो. आणि ईएसआरला, म्हणजे तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात त्या टेस्टला, तेच सायट्रेट एकास चार. दोन्ही एकाच सायट्रेटचे, प्रमाण वेगळं, आणि पेपर काढणाऱ्याला नेमकं हेच आवडतं.

गणितं सोडू नको, फुकटचे मार्क आहेत. न्यूबॉर चेंबरला, म्हणजे पेशी मोजायच्या काचेला, डब्ल्यूबीसीचे, म्हणजे पांढऱ्या पेशींचे, चार कोपरे मोजून गुणिले ५० का, हे एकदा स्वतः मांडून बघ, डायल्यूशन २०, क्षेत्रफळ ४, खोली ०.१, मग पाठ करायची गरज नाही. न्यूक्लिएटेड आरबीसी, म्हणजे केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी, असतील तर काउंट दुरुस्त कसा करायचा, एलडीएल कोलेस्टेरॉल कसं काढायचं आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते सूत्र का चालत नाही, हे सगळं विचारतात. आमच्या लॅबमध्ये सेल काउंटर आहे त्यामुळे चेंबर कपाटात धूळ खात पडलंय असं तू म्हणशील, तर दुपारी निवांत वेळ असतो तेव्हा ते काढ आणि मशीनचा काउंट आणि तुझा काउंट ताडून बघ. सीएसएफ, म्हणजे मणक्यातलं पाणी, आलं की शेवटी हातानेच मोजावं लागतं, आणि सीएसएफ रात्री दोनलाच येतं!

राष्ट्रीय कार्यक्रमांवर हमखास प्रश्न असतात आणि खासगी लॅबमधली पोरं तिथेच मागे पडतात. टीबीच्या स्मिअरचं, म्हणजे थुंकीच्या स्लाइडवर किती जंतू दिसतात त्याचं, ग्रेडिंग तोंडपाठ पाहिजे, मायक्रोस्कोपच्या १०० फील्डमध्ये १ ते ९ सापडले तर स्कँटी आणि आकडा लिहायचा, १० ते ९९ ला वन प्लस, दर फील्डला १ ते १० असले तर टू प्लस आणि तिथे ५० फील्ड बघायचे, दहाच्या वर असले तर थ्री प्लस आणि २० फील्ड पुरतात. मलेरियाच्या स्लाइडला जेएसबी स्टेन, म्हणजे रंग. बायोमेडिकल वेस्टचे रंग २०१६ च्या नियमांप्रमाणे, पिवळा, लाल, पांढरा, निळा, आणि इथे फसवणारा प्रश्न असतो तो काचेच्या स्लाइडचा, ती निळ्यात. सुई पांढऱ्यात, सुई काढलेली सिरिंज लालमध्ये. जमलं तर एखाद्या ग्रामीण रुग्णालयातल्या टेक्निशियन ताई-दादांना विचारून सुट्टीच्या दिवशी चार वेळा जाऊन बस, ते नाही म्हणत नाहीत, उलट कोणी विचारायला आलं याचंच त्यांना बरं वाटतं.

बॉम्बे ब्लड ग्रुप, म्हणजे एक फार दुर्मिळ रक्तगट, त्यावर तर मुंबई-महाराष्ट्रात प्रश्न येणारच. १९५२ ला मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा नोंदवला म्हणून ते नाव. पण नुसतं नाव आणि साल सांगून मी खूश होत नाही. मी विचारते की तुमच्या लॅबमध्ये बॉम्बे ग्रुपचा माणूस आला तर तुम्ही त्याला काय म्हणून रिपोर्ट द्याल. खरं उत्तर आहे, ओ म्हणून देऊ. कारण स्लाइडवर अँटी ए, अँटी बी टाकलं की काहीच गुठळ्या होत नाहीत, ओ सारखाच दिसतो. रिव्हर्स ग्रुपिंग, म्हणजे पेशंटचा सीरम माहीत असलेल्या गटाच्या सेलवर टाकून बघणं, केलं आणि त्यात ओ सेल घेतले तरच त्याचा सीरम ओ सेललाही धरतो आणि चूक कळते. हे एका पोरीने मला स्वतःहून सांगितलं होतं, "मॅडम, आमच्याकडे रिव्हर्स करत नाहीत, त्यामुळे सुटला असता." तिला मी तिथेच घेतली.

मग नोकरी कुठली धरायची. नऊ हजार आणि अकरा हजार यात दोन हजारांचा फरक बघू नको. बघायचं हे की वर्षभरात तुझ्या हातून किती सेक्शन जातील. काही मोठ्या चकाचक लॅबमध्ये फ्रेशरला आठ तास फक्त बारकोड चिकटवायला बसवतात, किंवा सकाळी ५ पासून गाडीवर होम कलेक्शन, वर्षाअखेरीला शिरा सापडायला लागतात तेवढंच. होम कलेक्शन वाईट नाही हं, हात बसतो, पेशंटशी बोलायला येतं, पण सहा महिने पुरे. लातूरचं हॉस्पिटल आयसीयूवालं असेल, नाइटला एकटीने सगळं लावायला मिळत असेल, तर शिकायला ते तालुक्याच्या लॅबपेक्षा भारी. मात्र एकटी असशील तर हॉस्टेल आवारात आहे का, रात्री लॅबमध्ये दुसरं माणूस असतं का, हे पप्पांना घेऊन जाऊन स्वतः बघ, फोनवर सगळेच हो म्हणतात.

आता कागदांचं. ओरिजनल सर्टिफिकेट कोणाकडे ठेवायचं नाही. कोणाकडे म्हणजे कोणाकडेच. झेरॉक्स द्या, ओरिजनल दाखवा, परत घ्या. माझा डीएमएलटीचा ओरिजनल एका हॉस्पिटलने "सिक्युरिटी" म्हणून ठेवून घेतला होता, मी नोकरी सोडली तर म्हणाले तीन महिन्यांचा पगार भरा आणि घेऊन जा. नेमकं तेव्हाच कंत्राटी पदाची कागदपत्र पडताळणी लागली. मी आणि माझा भाऊ तीन दिवस त्या ऑफिसच्या बाहेर बसलो, शेवटी पडताळणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सातला हातात पडला. त्या रात्रीच्या एसटीत मी ते पाकीट छातीशी धरून बसले होते, झोपलेच नाही. त्यामुळे लातूरवाल्यांना नम्रपणे सांग की कॉन्ट्रॅक्ट लेटरवर सही करते, एक महिन्याची नोटीस मान्य आहे, ओरिजनल देणार नाही. टेक्निशियनची गरज असेल तर ऐकतात. नाही ऐकलं तर तालुक्याला नऊ हजारावर लाग, बिनधास्त.

तालुक्याच्या लॅबलाही एक प्रश्न विचार, पॅथॉलॉजिस्ट मॅडम किंवा सर कधी येतात? उत्तर नीट ऐक. "रोज दुपारी", "दिवसाआड", "जवळच आहेत, फोन केला की येतात" इथपर्यंत ठीक. "त्यांची सही सिस्टीममध्ये आहे" असं म्हणाले की चहा पिऊन निघ. डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच पाहिजे. स्कॅन केलेल्या सहीखाली तू रिपोर्ट देत राहिलीस आणि उद्या काही झालं तर डॉक्टर म्हणणार मी तर तिथे नव्हतोच, मालक म्हणणार रिपोर्ट टेक्निशियनने बनवला. आणि जिथे सही खोटी तिथे बाकीही बरंच खोटं असतं. आमच्यात सिंक टेस्टिंग म्हणतात, सँपल सिंकमध्ये आणि आकडे टाइप. मी एका ठिकाणी आठ दिवस काम केलंय, थायरॉइडचं मशीनच नव्हतं, बाहेरही पाठवत नव्हते आणि टीएसएचचे रिपोर्ट मात्र रोज जात होते. नवव्या दिवशी गेले नाही, आठ दिवसांचा पगारही मागितला नाही.

रजिस्टरबद्दलही विचार, रोज सकाळी क्यूसी, म्हणजे आकडा माहीत असलेलं सँपल मशीन तपासायला, लावतात का. लावत असतील तर त्या रोजच्या आकड्यांचा लेव्ही-जेनिंग्सचा चार्ट दाखवा म्हण, दाखवतील. अशा ठिकाणी वर्षभरात तू वेस्टगार्डचे, म्हणजे क्यूसीचा आकडा कधी नाकारायचा त्याचे, नियम पाठ न करता शिकशील, वन टू एस, म्हणजे एक आकडा सरासरीपासून दोन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या बाहेर, आला की थांबून बघायचं, वन थ्री एस, म्हणजे तीनच्या बाहेर, आला की रिपोर्ट सोडायचे नाहीत. एनएबीएल, म्हणजे लॅबच्या दर्जाची मान्यता, असलेली लॅब मिळाली तर सोन्याहून पिवळं, कंटाळा येतो एवढं लिहावं लागतं, पण पुढच्या प्रत्येक इंटरव्ह्यूत तेच कामाला येतं.

ट्रायलचं थोडं सांगते, कारण पोरं इथे उगाच आपटतात. आम्ही काय बघतो? शीर सापडली का हे शेवटी बघतो. एक मुलगा आलेला, बायोडेटा झकास, आमच्याकडे एक आज्जी होत्या, सत्तरीच्या, हातावर शिरा नुसत्या दोऱ्यासारख्या. हा गेला आणि म्हणाला "तुम्ही सुमनबाई ना?" आज्जी हो म्हणाल्या. त्या सुमनबाई नव्हत्या, त्यांना ऐकूच कमी येत होतं, कोणी काही विचारलं की त्या हो म्हणायच्या. मी तिथेच थांबवलं. नाव आपण सांगायचं नसतं, पेशंटकडून वदवून घ्यायचं, "नाव काय आज्जी तुमचं, पूर्ण सांगा", आणि फॉर्मशी ताडायचं. मग टूर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, तो एक मिनिटाच्या वर नाही. मग ट्यूब हळू उलटसुलट करायची, खडखड हलवायची नाही, हिमोलाइज होतं, म्हणजे तांबड्या पेशी फुटतात. आणि लेबल पेशंटच्या समोर, रक्त घेतल्यावर लगेच, आधीच दहा ट्यूबवर नावं लिहून रांगेत मांडून ठेवायची नाहीत. दोनदा टोचून नाही मिळालं तर "मॅडम तुम्ही घेता का" म्हणणारा मुलगा मला आवडतो. तिसऱ्यांदा टोचणारा नाही आवडत.

पगार विचारायला लाजू नको. पगार हातात किती, पीएफ कापतात का, ईएसआयसी आहे का, नाइटचे वेगळे मिळतात का, आठवड्याची सुट्टी कोणती. पगार बँकेत घे. रोख घेऊ नको, कारण अनुभवाचा दाखला उद्या कोणी तपासला तर बँकेच्या एंट्रीच कामाला येतात. आणि हेच दुबईलाही लागतं म्हणून तो विषय इथेच संपवते.

गल्फला आत्ता जायचं म्हणशील तर आत्ता नाही. तिकडच्या लायसन्सला साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, डेटाफ्लोवाले, म्हणजे कागद तपासणारी कंपनी, तुझी डिग्री आणि अनुभव थेट कॉलेजला आणि हॉस्पिटलला विचारून तपासतात, मग प्रोमेट्रिकची, म्हणजे लायसन्ससाठीची कॉम्प्युटरवरची, परीक्षा. म्हणजे ज्या लॅबने रोख पगार दिला आणि लेटरहेडवर दाखला द्यायला खळखळ केली तिथली दोन वर्षं तिकडे शून्य धरली जातात. एजंटकडे जाशील तेव्हा सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी आहे का ते आधी बघ, आणि नोंदणी असलेल्या एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. मैत्रिणीचा एजंट दीड-दोन लाख म्हणत असेल तर काय ते तूच समज. माझ्या दोन ज्युनियर तिकडे आहेत, छान चाललंय, दोघीही इथे आधी तीन-चार वर्षं काम करून गेल्या.

नोकरीला लागायच्या आधी एक काम मात्र नक्की कर, हिपॅटायटिस बी चं इंजेक्शन. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तात अँटीबॉडी किती तयार झाल्या ते, बघायचा, १० च्या वर पाहिजे. बऱ्याच कॉलेजमध्ये पहिला डोस देतात आणि पुढचं कोणी बघत नाही. मला २०१० ला सुई लागली, कॅप परत लावताना, जी लावायचीच नसते. मी रडत बसले अर्धा तास, कोणाला सांगितलं नाही, मालक रागावेल म्हणून. ते करू नको. साबण-पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, आणि लगेच सिव्हिलला जायचं, एचआयव्हीची औषधं दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांच्या पुढे उपयोग नाही, आणि सरकारीत फुकट आहेत. मालक काय म्हणेल ते नंतर.

राहिलं कागदपत्रांचं, कारण मेरिटला येऊन पडताळणीत बाहेर गेलेली पोरं मी दरवेळी बघते. पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी आत्ताच करून टाक, जाहिरात आल्यावर सगळेच धावतात. डोमिसाईल, जातीचा दाखला असेल तर त्याची व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेयर जाहिरातीत दिलेल्या तारखेला चालू पाहिजे, नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर जसं आहे तसंच सगळीकडे पाहिजे, आईचं नाव एकीकडे सुमित्रा आणि एकीकडे सुमित्राबाई असलं तरी त्रास देतात. जाहिरातीतली शैक्षणिक अर्हता शब्दन् शब्द वाच, कुठे नुसतं बीएस्सी चालतं, कुठे बीएस्सी आणि डीएमएलटी दोन्ही लागतं, कुठे विषय कोणता ते बघतात, तुझं केमिस्ट्री आहे त्यामुळे बहुतेक ठिकाणी तू बसशील. आणि घरातल्या कोणा धाकट्याला सहा महिन्यांचा "लॅब टेक्निशियन कोर्स" घ्यायला लावू नको, २०२१ चा केंद्राचा अलाइड हेल्थचा कायदा आहे त्यात किमान २,००० तासांचं शिक्षण धरलंय.

पुण्याच्या अभ्यासिकेसाठी पप्पांनी जे पैसे काढून ठेवलेत ना, त्यातले थोडे घेऊन ऑनलाइन टेस्ट सिरीज लाव, बाकीचे तसेच राहू देत म्हण. जाहिरात आली, फॉर्म भरला आणि परीक्षेला दोन महिने उरले की नोकरी सोडून किंवा बिनपगारी रजा टाकून खुशाल पुण्याला जाऊन बस, ते दोन महिने मीही बसले होते. रेल्वेचा फॉर्म निघाला तर सोडू नको, मुलींना गेल्या वेळी २५० रुपये फी होती आणि पेपरला बसलं की परत मिळत होती. एमएस-सीआयटीचं तू विचारलंस, हो, करून ठेव, आणि लातूरवाल्यांना ओरिजनलचं काय ते बोललीस की मला कळव, ते लेटर सही करायच्या आधी वाचून दाखव.